रक्तदाब कसा कमवावा : होतकरू नोकरदारांसाठी मार्गदर्शिका

घर, गाडी आणि बीपी या तीन गोष्टी पन्नाशीच्या आत झाल्या पाहिजेत, असे आमच्या सोसायटीत मानतात. पहिल्या दोहोंसाठी बँक कर्ज देते. तिसरी ज्याची त्याने स्वकष्टाने मिळवायची असते. डॉक्टरांची सगळी पुस्तके रक्तदाब कमी कसा करावा यावर आहेत. पण आधी तो कमवायचा कसा, हे नवख्या माणसाला कोण सांगणार?

प्रस्तुत लेखक 26 वर्षे डोंबिवली ते मुंबई जा-ये करून, एका कचेरीत कनिष्ठ लिपिकापासून कॅबिनपर्यंत चढत, 150/96 या मुक्कामी पोचला आहे. 140/90 ला साधारण उत्तीर्ण धरतात. म्हणजे विशेष प्रावीण्य नसले तरी प्रथम श्रेणी नक्की. हा अनुभव पुढच्या पिढीच्या हाती सोपवावा, या निरपेक्ष भावनेने हे धडे लिहिले आहेत.

धडा पहिला : सकाळ

गजर वाजला की तो बंद करावा. पुन्हा वाजला की पुन्हा बंद करावा. तिसऱ्यांदा वाजल्यावर ‘मला कोणी उठवलं का नाही?’ असे घरातल्या सर्वांना विचारावे. या एका प्रश्नाने स्वतःबरोबर इतर तिघांचाही पारा चढतो. एवढ्या कमी श्रमात एवढे फळ देणारी दुसरी कृती नाही.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटे. याला विरोध करू नये. उलट मनापासून पाठिंबा द्यावा आणि ‘उद्यापासून’ म्हणावे. उद्या आला की ‘सोमवारपासून’, सोमवार आला की ‘एक तारखेपासून’. ज्या महिन्यात सोमवारी एक तारीख येईल, त्या महिन्यात चपला सापडत नाहीत असे सांगावे.

7.48 ची फास्ट पकडायची असेल तर घरातून 7.41 ला निघावे. जिन्यावर धावावे, पुलावर लोकांना कोपराने बाजूला सारावे आणि गाडी समोरून निघून गेली की रेल्वेला नावे ठेवावीत. गाडी मिळालीच, तर चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूस ‘जरा सरका’ म्हणेल, तेव्हा खिडकीबाहेर बघावे. सरकायला चार बोटे जागा असते, हे आपल्याला माहीत असते. न सरकण्यासाठी अंग आखडून बसावे लागते, मान ताठ ठेवावी लागते, त्या माणसाची नजर ठाण्यापर्यंत चुकवावी लागते. एवढी मेहनत वाया जात नाही. ती कुठे ना कुठे जमा होतेच.

धडा दुसरा : आहार

दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर मीठ पुरे, असे तीच संघटना म्हणते. तिच्या कोणा अधिकाऱ्याने आपल्याकडची पंगत पाहिली नसावी. आपल्या पानात सर्वांत आधी मीठच वाढतात. मग लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. भाताची मूद येईपर्यंत पानाची डावी बाजू आपला दिवसाचा कोटा संपवून मोकळी झालेली असते. त्यावर पापड आणि सांडगी मिरची आली, की उद्याचाही हप्ता आगाऊ भरला जातो.

मात्र केवळ खारटावर विसंबू नये. बायकोने, आईने किंवा डबेवाल्या ताईंनी मीठ कमी केले, तर ताट सरकवून ‘याला काही चवच नाही’ म्हणावे. बोलणे खोचक हवे, पण आवाज चढवू नये. चढवला तर मोकळे वाटते आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

धडा तिसरा : कचेरीतील आचरण

हा या विद्येचा गाभा आहे. येथे घाई करू नये.

टेबलावर बेल असते. नवशिके ती एकदा दाबतात आणि थांबतात. अभ्यासू माणसाने दोनदा दाबावी, तीन मोजावेत आणि मग बोट उचलूच नये. बाहेरच्या स्टुलावरून माणूस उठून आत येईपर्यंत जे आठ-दहा सेकंद जातात, तेवढ्यात कपाळावरची शीर छान उभी राहते. तो आला की त्याला पाणी मागावे. पाण्याचा जग आपल्याच टेबलावर, हाताच्या अंतरावर असावा. ही अट महत्त्वाची आहे.

कोणत्याही कागदावर ‘अर्जंट’ लिहावे. सगळेच कागद अर्जंट झाले की कुठलाच अर्जंट राहत नाही. मग ‘मोस्ट अर्जंट’ लिहावे. हाताखालच्याने रजेचा अर्ज दिला तर ‘कारण?’ असा एका शब्दाचा शेरा मारून परत पाठवावा. आईच्या ऑपरेशनसाठी हवी असे त्याने लिहिले, तर ‘कोणते ऑपरेशन?’ विचारावे. चूक आपली निघाली तर ‘सिस्टिममध्ये तसं होतं’ म्हणावे. दुसऱ्याची निघाली तर चार जणांना बोलावून दाखवावी.

आता नात्यांविषयी. आपल्याकडे शिपायाला मामा म्हणतात, झाडलोट करणाऱ्या बाईंना मावशी, दारावरच्या माणसाला वॉचमन काका. परक्या माणसाला घरचे नाते देण्याची ही पद्धत फार गोड आहे आणि तिचा एक व्यावहारिक फायदा आहे. मामा म्हटले की नाव विचारावे लागत नाही. मी अकरा वर्षे आमच्या मामांना मामा म्हणत आलो. सख्ख्या मामाकडे भाच्याचे हट्ट पुरवले जातात, येथेही तसेच. फरक एवढाच, की सख्ख्या मामाकडे भाचा सुट्टीत जातो, आणि येथे सुट्टी मागितली की भाचा ‘कारण?’ लिहितो.

धडा चौथा : एक धोक्याची सूचना

ताण हा मोठ्या खुर्चीचा मान आहे, अशी आपली श्रद्धा असते. ‘तुम्हाला काय कळणार साहेबांचं टेन्शन?’ हे वाक्य आपणच आपल्याविषयी पसरवायचे असते. काही इंग्रज संशोधकांनी मात्र या श्रद्धेला तडा दिला आहे.

लंडनमधल्या व्हाइटहॉल या सरकारी कचेऱ्यांच्या भागात 1967 पासून 17,000 हून अधिक पुरुष कर्मचाऱ्यांची तब्येत तपासली गेली. पुढे मायकेल मार्मट या डॉक्टरांच्या नावाने हा अभ्यास जगभर ओळखला गेला. सगळे सरकारी नोकर, कोणीही उपाशी नाही, कोणी खाणीत उतरत नाही. तरी सर्वांत खालच्या श्रेणीत, म्हणजे निरोपे आणि दारावरचे लोक यांच्यात, मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या साधारण तिप्पट निघाले. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल वगैरेंचा हिशेब मांडूनही फरक पुरता भरून निघेना. 1985 मध्ये 10,308 स्त्री-पुरुषांचा दुसरा अभ्यास सुरू झाला. त्यात दिसले, की ज्याच्या हाती आपल्या कामातले काहीच ठरवणे नसते, त्याला हृदयविकाराचा धोका अधिक. केव्हा उठायचे, केव्हा बसायचे, कोणाचे काम आधी, हे सगळे दुसऱ्याच्या बोटावर असते.

त्यातला एक बारकावा माझ्यासारख्यांना अपमानास्पद वाटेल. कामावर असताना वरच्या आणि खालच्या श्रेणीचा रक्तदाब साधारण सारखाच चढतो. पण घरी गेल्यावर साहेबांचा बराच उतरतो, खालच्यांचा तितका उतरत नाही. म्हणजे बेल आपण वाजवतो, आणि ती घरापर्यंत ऐकू येते दुसऱ्याला.

अर्थात हे लंडनचे. आपल्याकडे असे काही नसणार, असे म्हणून पान उलटावे.

धडा पाचवा : गोळी

डॉक्टरांनी गोळी दिली तर पुढील वाक्ये क्रमाने वापरावीत. ‘एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते.’ ‘मला तर काहीच होत नाही.’ ‘शेजारचे लसणीवर ठणठणीत आहेत.’ बीपीचे दुखत नाही, हाच त्याचा मोठा गुण आहे. मेंदूपर्यंत, मूत्रपिंडापर्यंत ते गाजावाजा न करता काम करत राहते. सात-आठ दिवस गोळी घ्यावी, आकडा खाली आला की ‘बरं झालं’ म्हणून स्वतःच बंद करावी. आकडा गोळीमुळे खाली आला होता, हे कोणी सांगू लागले तर विषय बदलून पावसावर न्यावा.

धडा सहावा : मोजणी

इटलीच्या रिवा-रोची यांनी 1896 मध्ये दंडाला पट्टा बांधून पाऱ्यावर दाब मोजण्याचे यंत्र काढले. 1905 मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याला नळीतून ऐकण्याची जोड दिली. त्याआधी माणूस नुसताच तापट म्हणून ओळखला जाई. आता त्याला आकडा मिळतो.

आकडा खरा यायचा तर नियम कडक आहेत. आधी अर्धा तास चहा-सिगारेट नाही. लघवीला जाऊन यावे. पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, पायावर पाय नाही, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. आणि मोजत असताना बोलायचे नाही, कारण बोलण्याने आकडा वर जातो.

गेल्या वर्षी आमच्या कचेरीत आरोग्य शिबिर झाले. मी नियमाप्रमाणे पाच मिनिटे बसलो, पण त्या पाच मिनिटांत दोनदा मामांना हाक मारली. 150/96. सिस्टर म्हणाल्या, ‘साहेब, बोलू नका म्हटलं होतं.’

शेवटी त्यांनी मामांनाही बोलावले. मामा नको नको म्हणत होते. शिबिरासाठी तीस खुर्च्या त्यांनीच दोन जिने चढवून आणल्या होत्या.

‘पाच मिनिटं शांत बसा,’ सिस्टर म्हणाल्या.

‘पाच मिनिटं? नको ताई, साहेब हाक मारतील.’

साहेब शेजारीच उभे होते.

‘मागे टेका.’

मामा ताठच बसले. ‘सवय नाही,’ म्हणाले. त्यांचे स्टूल माझ्या कॅबिनबाहेर आहे. त्याला पाठ नाही. अकरा वर्षांत हे मला दिसले नव्हते, आणि केरळने 2018 मध्ये व तामिळनाडूने 2021 मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणे बंधनकारक केले, ही बातमी मी त्याच कॅबिनमध्ये बसून, मान डोलवत वाचली होती.

पट्टा बांधता बांधता सिस्टरनी कार्ड पुढे ओढले. ‘नाव?’

मी पटकन म्हणालो, ‘मामा.’

सिस्टरनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांच्याकडे पाहून पुन्हा विचारले. त्यांनी पूर्ण नाव सांगितले, वडिलांच्या नावासकट. ते त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकले. आकडा 168/104 आला. माझ्यापेक्षा वरचा. तोही एवढी वर्षे कुठलीही मार्गदर्शिका न वाचता, केवळ माझ्या बेलच्या जोरावर.

परिशिष्ट : लेखकाची सद्यस्थिती

मी आता गोळी नियमित घेतो. पापड आठवड्यातून एकदा. बेल ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. पाणी स्वतः ओतून घेतो, त्यात पाच सेकंद जातात. मामांच्या गोळ्याही सुरू आहेत. माझ्या गोळ्यांचे बिल कचेरी देते, त्यांचे ते स्वतः देतात, कारण ते कंत्राटी आहेत.

कॅबिनबाहेर पाठ असलेली खुर्ची मिळावी, असा मागणी अर्ज आमच्या लिपिकाने त्याच आठवड्यात केला होता. तो तीन आठवडे पडून राहिला. ‘कंत्राटी कर्मचाऱ्यास फर्निचर देण्याची तरतूद आहे काय?’ असा शेरा त्यावर कोणी मारला, म्हणून मी चौकशी केली. अक्षर माझेच निघाले.

काल सही केली. काल गुरुवार होता आणि तारीख सतरा होती. तेव्हा वाचकहो, आपल्या टेबलावर अशीच एखादी फाईल असेल तर शोधा, आणि कृपा करून सोमवारची वाट पाहू नका.