सुगंधशास्त्र प्रवेशिका : नवागाम केंद्र

नवागाममध्ये राहून सेंट निवडणाऱ्याने सर्वप्रथम एक गोष्ट मान्य करावी, की इथल्या हवेत जागा शिल्लक नाही. सकाळी फाफड्याची कढई, दुपारी चुलीवर भाजले जाणारे भरताचे वांगे, संध्याकाळी लूमच्या खात्यातून परतलेल्या शर्टांचे मशीन ऑइल आणि पावसाळ्यात खाडी. या मंडळींनी आपापल्या वेळा आधीच धरून ठेवल्या आहेत. यांच्यात आपल्या बाटलीने कुठे, किती वेळ आणि कोणाच्या शेजारी बसायचे हे ठरवल्याशिवाय खिशात हात घालू नये.

जळगाव, धुळे, नंदुरबारहून पोटामागे सुरतेत आलेल्या आणि नवागाम, डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात स्थायिक झालेल्या कुटुंबांना सुगंध काही परका नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मनगटावर अत्तराचे बोट आणि अंगावर गुलाबपाण्याचे थेंब पडल्याशिवाय बायका वाण स्वीकारत नाहीत. गावाकडच्या लग्नात कानात अत्तराचा फाया खोचलेले आबा अजूनही भेटतात. घोळ पुढच्या पिढीने केला. ती बाटलीवरचे नाव वाचते, किंमत वाचते, जाहिरातीतल्या नटाचा चेहराही वाचते. टक्के मात्र वाचत नाही.

तर टक्के. परफ्यूमच्या बाटलीत सुगंधी तेलांचा अर्क असतो आणि तो उडवून नेणारा अल्कोहोल, सोबत थोडे पाणी. अर्क वाढला की मुक्काम वाढतो आणि भावही. एक्स्ट्रे अथवा पार्फममध्ये अर्क साधारण 20 ते 30 टक्के, ओ द पार्फममध्ये 15 ते 20, ओ द टॉयलेटमध्ये 5 ते 15 आणि ओ द कोलोनमध्ये 2 ते 4. हे आकडे धंद्याच्या रीतीचे आहेत, कायद्याचे नव्हेत. एका कंपनीचे टॉयलेट दुसरीच्या पार्फमला भारी पडू शकते. इटलीतून जर्मनीत गेलेल्या फारिना कुटुंबाने 1709 साली कोलोन शहरात दुकान थाटले आणि आपल्या सुगंधी पाण्याला त्या नव्या गावाचे नाव दिले. स्थलांतरितांनी घ्यावा असा हा धडा आहे. ‘ओ द नवागाम’ अद्याप कोणी काढलेले नाही.

टक्के लक्षात राहत नसतील तर ताप्ती लाइनचे वेळापत्रक आठवावे. उधन्याला पॅसेंजरमध्ये बसण्यापूर्वी फवारा मारला असे धरू. कोलोन व्याऱ्यापर्यंत सोबत करते. टॉयलेट रेटून नंदुरबार गाठते आणि तिथे उतरून जाते. त्यापुढे जळगावपर्यंत फक्त प्रवासी जातो. ओ द पार्फम अमळनेर दाखवते, त्वचा तेलकट असली तर जळगावही. एक्स्ट्रेला भुसावळचे तिकीट काढावे. अत्तराला तिकीट नसते. ते लग्न लावून, जेवून, दुसऱ्या दिवशी त्याच सदऱ्यावर परत येते. (बारा तासांच्या पाळीला टॉयलेट मारून जाणाऱ्याने हिशेब स्वतः करावा. चार तास सेंटचे, आठ तास स्वतःचे.)

सुगंध एकरंगी नसतो, हेही याच लाइनवर समजते. लिंबू-संत्र्याच्या जातीचे हलके वास पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत उडतात. बारडोली येण्याआधीच ते संपलेले असतात. मग गुलाब, मोगरा, मसाल्यांचा मधला भाग सुरू होतो. अर्धे स्टेशन गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात असलेल्या नवापूरच्या फलाटावर तोही ओसरू लागतो आणि खाली दबलेले चंदन, कस्तुरीसारखे वास, लाकूड, व्हॅनिला वर येतात. सारी मेख इथेच आहे. दुकानदार आपल्याला पहिली पंधरा मिनिटे विकतो आणि पुढचे पाच तास आपण भोगतो, शेजारचाही भोगतो.

म्हणून दुकानात कागदी पट्टीवर वास घेऊन ‘पॅक करा’ म्हणू नये. पट्टीला घाम येत नाही. मनगटावर एक फवारा घ्यावा, मनगटे एकमेकांवर घासू नयेत, आणि बाहेर जाऊन चहा प्यावा, रिंग रोडवर कपड्याचे भाव करावेत, वाटल्यास एखाद्या नातेवाइकाशी भांडून यावे. तासाभराने तोच वास आवडला तरच परत जावे. दुकानदार म्हणेल, ‘जिभाऊ, लेना है तो अभी लो.’ त्याच्या घाईचे कारण वर दिलेच आहे. एका दिवशी तीनपेक्षा जास्त बाटल्या हुंगू नयेत. मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात. त्याऐवजी स्वतःच्या कोपराचा वास घ्यावा, तो फुकट आहे.

अत्तराचे प्रकरण वेगळे. कनौजची मंडळी तांब्याच्या डेगेत फुले शिजवतात आणि बांबूच्या नळीतून निघालेली वाफ भपक्यात उतरवतात. जुन्या रीतीने त्या भपक्यात चंदनाचे तेल असते. चंदन महागल्यापासून पुष्कळ ठिकाणी त्याची जागा लिक्विड पॅराफिनने घेतली. एक किलो गुलाबतेलाला तीन-चार हजार किलो फुले लागतात, एवढे ध्यानात ठेवून पन्नास रुपयांच्या ‘असली रूह गुलाब’कडे पाहावे. ‘अंबर’ म्हणून कोणी देवमाशाचा खडा दाखवला तर वास न घेता निघावे. हा प्राणी 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि त्या खड्याचा व्यापार इथे गुन्हा आहे. खस, केवडा, हिना, मोगरा घ्यायला मात्र हरकत नाही. मे महिन्यात खस, थंडीत हिना. एवढे शास्त्र आपल्या आज्यांना पाठ होते.

उन्हाळ्यात टक्के कमी करावेत. तापलेल्या अंगावरून अर्क भराभर उडतो आणि एका फवाऱ्याचे काम तिघांना पुरते. लग्नसराईत उधन्याच्या जनरल डब्यात एक्स्ट्रे मारून चढलेला नवरदेवाचा मित्र, वरच्या बाकावर भरीत-भाकरीचा डबा आणि बंद पडलेला पंखा यांची गाठ पडली की दोंडाईचा येईपर्यंत कोणीतरी विचारतेच, ‘काय वास मारी ऱ्हायना रे भो?’ दोष भरताचा नसतो.

सुक्या त्वचेवर सेंट टिकत नाही. आधी बिनवासाचे मलम लावावे. फवारा मानेवर, मनगटावर मारावा, साडीवर कदापि नाही. अत्तराच्या तेलाचा डाग पडतो, आणि सुरतेत साडी बदलून मिळते ती डाग नसलेलीच. सुतकात, लहान बाळाच्या खोलीत आणि दम्याच्या माणसाशेजारी बाटली उघडू नये.

घरी आणल्यावर ती टीव्हीवर किंवा खिडकीत मांडू नये. पत्र्याखालच्या खोलीत उन्हाने अर्क बिघडतो. खोक्यासकट कपाटाच्या खालच्या खणात ठेवावी, म्हणजे पाहुण्यांच्या पोरांपासूनही वाचते. आणि रोज दोनच फवारे. तिसरा मारण्यापूर्वी घरातल्या कोणाला तरी विचारावे, कारण थोड्याच वेळात आपल्या नाकाला आपला सेंट येईनासा होतो. शेजारच्याला तो येत असतो.