सिंहाच्या तोंडाचा गणपती

स्टुटगार्ट,
जूनचा शेवटचा सोमवार

ती. बाबा व ती. आई यांना शि. सा. नमस्कार.

आज फोनवर बाबांनी "रविवारी कुठे होतात?" असं विचारलं, तेव्हा तुमचे चिरंजीव "इथेच, जरा डोंगरात" एवढंच म्हणाले आणि लगेच पावसाची चौकशी करू लागले. त्यांच्याकडून तुम्हाला यापुढचं काही कळणार नाही, म्हणून हे पत्र.

इथून उल्म आणि उल्मच्या पुढे छोट्या गाडीनं शेल्कलिंगन. तिथून आख नदीच्या खोऱ्यानं ब्लाउबॉयरनपर्यंत साधारण दहा किलोमीटर चालायचं आणि वाटेत हिमयुगातल्या माणसांच्या गुहा बघायच्या, असा बेत होता. चिरंजिवांनी आदल्या रात्री नकाशा पाहून जाहीर केलं, "हा काय डोंगर? मी शाळेत असताना अवचितगड पळत चढायचो." बाबा, हे खरं आहे का ते उलट टपाली कळवा. कारण पहिल्याच चढावर सत्तरीच्या दोन आज्या, हातात दोन-दोन काठ्या घेऊन, आम्हाला मागे टाकून गेल्या. जाता जाता अगदी प्रेमानं "ग्र्यूस गॉट" म्हणाल्या. चिरंजिवांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्यातून नुसता दम बाहेर आला.

वाट चुकायची भीती नाही. १८८८ साली स्थापन झालेलं इथल्या डोंगरभटक्यांचं एक मंडळ आहे, त्यांच्या खुणा झाडाझाडावर दिसतात. तरीही "मला जवळची वाट दिसतेय" म्हणणारा माणूस प्रत्येक घरात एक असतोच. त्या जवळच्या वाटेवर खाजकुयलीची जर्मन बहीण होती. धाकट्यानं तिची ओळख करून घेतली आणि खोरं दणाणून सोडलं.

नदी म्हणाल तर तुमच्या कुंडलिकेपुढे पऱ्ह्याच. बाबांनी पँट वर न करता ओलांडली असती. पण खोरं एवढं रुंद, दोन्ही अंगांना पांढरे कडे! एवढ्याशा पाण्यानं हे खोदलं कसं? तर हे काम तिचं नाहीच. पूर्वी इथून डॅन्यूब वाहत होती. पुढे हिमयुगातच ती वाट बदलून दक्षिणेला गेली. आता मोठ्या वाड्यात एकटी आजी उरावी तशी आख तिथे राहते. अर्थात कुंडलिकेनंही फार मान वर करू नये. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सुटलं की मगच कोलाडच्या राफ्टिंगवाल्यांचा दिवस सुरू होतो.

कडे चुनखडीचे. पंधराएक कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी स्पंजांचे ढीग साचून खडक झाले. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून गुहा आपोआप होतात. एका कमानीसारख्या खडकाला इथले लोक चक्क 'मुका घेणारी डुकरीण' म्हणतात. थोरलीला त्यात डुकरीण दिसेना, मला मुका दिसेना. चिरंजिवांना मात्र गणपती दिसला. पेण-रोह्याच्या माणसाला कुठल्याही दगडात सोंड दिसतेच.

मुख्य गुहा होले फेल्स. बोगद्यासारख्या वाटेनं आत शिरलं की एकदम भलंमोठं दालन, जूनमध्येही स्वेटर घालायला लावणारं. महायुद्धात इथे लष्कराच्या गाड्या लपवल्या होत्या म्हणे. ट्यूबिंगन विद्यापीठाचे निकोलस कोनार्ड वर्षानुवर्षं इथे खणत आहेत. २००८ साली त्यांच्या चमूला इथे गिधाडाच्या हाडाची पाच भोकांची बासरी मिळाली आणि मॅमथच्या सुळ्यातून कोरलेली एक बाई मिळाली. उंची सहा सेंटीमीटर, वय ३५ ते ४० हजार वर्षं. २०१७ साली युनेस्कोनं या भागातल्या सहा गुहांना जागतिक वारशाचा मान दिला. दोन्ही वस्तू आम्ही ब्लाउबॉयरनच्या संग्रहालयात पाहिल्या. बासरी पाहताच चिरंजीव म्हणाले, "भूप वाजत असणार." मी पेणला सात वर्षं गाणं शिकले आहे, तेव्हा त्यावर काही बोलले नाही.

त्या बाईबद्दल मात्र सासऱ्यांना लिहायचं कसं हा प्रश्न आहे. पुढच्या चार ओळी बाबांनी आईंना वाचायला द्याव्यात. आई, तिच्या अंगावर काही नाही, आणि जे आहे ते भरपूर आहे. डोकं मुळीच नाही. त्या जागी दोरा ओवायला एक कडी आहे. काचेपुढे धाकट्यानं मोठ्यांदा विचारलेला प्रश्न मी इथे लिहीत नाही. मला आपली लज्जागौरी आठवली. तिलाही डोकं नसतं, तिथे कमळ असतं. बाबांच्या कपाटात तिच्यावरचं ढेऱ्यांचं पुस्तक आहे, ते आता वाचायला काढा. हिच्या-तिच्यात हजारो वर्षांचं आणि मैलांचं अंतर आहे हे मान्य, पण दोघी शेजारी बसल्या तर गप्पा रंगतील.

थोरलीनं विचारलं, "आपल्याकडे अशा गुहा का नाहीत?" मग चिरंजिवांनी कुड्याच्या लेण्यांचं नाव काढलं आणि बाबा, तुम्ही शाळेच्या सहली तिथे कशा न्यायचात, पोरं मोजता मोजता लेणीही मोजायला कशी लावायचात, ते सगळं रंगवून सांगितलं. आपला खडक लाव्हाचा, तो असा विरघळत नाही, म्हणून आपल्या माणसांना छिन्नी घ्यावी लागली. राजपुरीच्या खाडीवरच्या डोंगरात सव्वीस लेणी, दोन हजार वर्षांपूर्वीची. आणि ब्राह्मी लिपीत दात्यांची नावं! एका वैद्याचं, एका माळ्याचं. थोरलीला हे फार आवडलं, कारण गेल्या सुट्टीत तिनं देवळातल्या पंख्यांवर 'यांजकडून सप्रेम भेट' वाचून पाठ केलं होतं. होले फेल्समधल्या कारागिरानं इतकं केलं आणि नाव कुठेच घातलं नाही. आपल्याकडे असता तर निदान बासरीवर तरी 'सौजन्य' आलं असतं.

आता खरं काम. संग्रहालयाच्या दुकानात धाकट्यानं एका सिंहमानवाचं पुस्तक घ्यायला लावलं. अंग माणसाचं, तोंड सिंहाचं, हाही मॅमथच्या सुळ्यातला. याचे तुकडे पलीकडच्या लोन नदीच्या खोऱ्यात १९३९च्या ऑगस्टमध्ये सापडले. आठवड्याभरात युद्ध सुरू झालं आणि तुकडे तीस वर्षं खोक्यात पडून राहिले. जोडल्यावर कळलं की फूटभर उंचीची मूर्ती आहे. धाकट्यानं ते चित्र थेट पेणला मामाला पाठवलं आणि यंदा गणपती असाच हवा म्हणून सांगितलं.

मामाचा कारखाना तुम्ही पाहिला आहे. या दिवसांत तिथे कच्च्या मूर्तींतून वाट काढावी लागते. परदेशचे गणपती तर कधीच बोटीनं गेले. पण चित्र बघून मामाचा फोन आला. म्हणाला, "खांदे चांगले काढलेत गं. किती वेळ लागला असेल?" मी सांगितलं, कुणीतरी गारगोटीच्या हत्यारांनी तशीच मूर्ती करून पाहिली, तर चारशेच्या आसपास तास लागले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग विचारलं, "पाट किती इंची?"

आई, पेणला जाणं झालं तर त्याला समजवा. गणपतीला सिंहाचं तोंड लावलं तर तो नरसिंह होतो, आणि नरसिंहापुढे आम्ही मोदक ठेवायचे की काय? साचा नाही, शाडू आधीच कमी, आणि तरी त्यानं आगाऊ पैसे मागितलेले नाहीत. मला काळजी त्याचीच आहे.

तुमची,
सूनबाई

ता. क. मिरगुंडं संपली. शेवटची तळून डोंगरात नेली होती. त्या दोन आज्या पुन्हा भेटल्या आणि अर्धा डबा त्यांनीच संपवला. चिरंजीव म्हणतात, म्हणूनच त्या पुढच्या वाटेवर आपल्या मागे पडल्या.