व्याकरणाचा उजळणीकार

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि शनिवार या पेठांत, विशेषतः शास्त्री रस्त्याच्या आजूबाजूला, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारा जो मोठा तरुणवर्ग वास करतो, त्यातील एक पोटजात स्वतंत्र नोंद व्हावी इतकी ठळक असून तिला इंग्रजी व्याकरणाचा उजळणीकार असे नाव देता येईल. त्याचे वसतिस्थान म्हणजे अभ्यासिका, आणि अभ्यासिका म्हणजे मासिक भाड्याने मिळणारी एक खुर्ची, एक फळी व समोरचा लाकडी आडोसा, ज्यावर वेळापत्रक, आराध्यदैवत आणि 'नो सूनर'नंतर 'दॅन' व 'हार्डली'नंतर 'व्हेन' येते हे स्मरणवाक्य शेजारी-शेजारी चिकटवलेले असते. उजळणीकार बहुधा लातूर, बीड, सोलापूर अशा एखाद्या जिल्ह्यातून आलेला, मराठी माध्यमात शिकलेला असतो आणि इंग्रजीची लहानपणापासूनची भीती त्याने आता नियमांच्या स्वाधीन करून टाकलेली असते. शिकणे कधीतरी संपते. उजळणीला तसा धोका नसल्यामुळे त्याने आयुष्याचा हा कालखंड उजळणीलाच वाहिलेला असतो.

त्याच्या फळीवर दोन ग्रंथ असतात. त्यांतील 'रेन अँड मार्टिन' हे एकाच कडक गोऱ्या गृहस्थाचे नाव आहे, अशी त्याची जवळजवळ पक्की समजूत असते. त्या जोडीतील पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी करून पुढे फ्रेंच परकीय सैन्याच्या साहसकथा लिहिणारे कादंबरीकार होते आणि त्यांची 'बो जेस्ट' ही कादंबरी 1924 मध्ये गाजली होती, हे त्याला सांगितले तर तो फक्त एवढेच विचारतो की हे सामान्यज्ञानाला येईल काय. दुसरा ग्रंथ राजेंद्र पाल आणि प्रेमलता सुरी यांचा, जो पेठेत 'पाल-सुरी' या जोडनावाने ओळखला जातो व वादात अखेरचा शब्द मानला जातो. दोन्ही ग्रंथांची अवस्था मात्र बोलकी असते. उपपदांचे, म्हणजे नामाआधी येणाऱ्या 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द' या तीन चिमुकल्या शब्दांचे प्रकरण तीन रंगांच्या अधोरेखांनी भरून, कोपरे दुमडून पार थकलेले असते, तर बरेच पुढे येणारे विरामचिन्हांचे प्रकरण छापखान्यातून आले तसेच कोरे राहिलेले असते, कारण प्रत्येक नवी जाहिरात आली की उजळणी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होते. मराठीत उपपदे नसल्याने त्यांची धास्ती समजण्याजोगी आहे. 'युनिव्हर्सिटी'ला 'अ' आणि 'अवर'ला 'अ‍ॅन' का लागतो, याचे उत्तर अक्षरात नसून उच्चारात, म्हणजे कानात आहे, हे उजळणीकाराला ठाऊक असते. परंतु कान अभ्यासक्रमात नसल्यामुळे त्याने अशा शब्दांची यादीच पाठ केलेली असते.

कानावर विसंबणे या परीक्षेत महागही पडते. चुकीच्या उत्तराला एकचतुर्थांश गुण वजा होतात, आणि म्हणून इंग्रजी शाळेत शिकलेला एखादा शेजारी जेव्हा 'हे बरोबर वाटते' एवढ्या पुंजीवर पर्याय निवडतो, तेव्हा उजळणीकाराला त्यात उघड अनाचार दिसतो. त्याच्या मते भाषेतील वाक्य बरोबर असणे पुरेसे नाही, ते कोणत्या नियमाखाली बरोबर आहे हे सांगता आले पाहिजे. चहाच्या टपरीवर एखाद्या कनिष्ठाने "भाऊ, 'लेस्ट'नंतर 'नॉट' येतं का?" असे विचारले की तो ग्लास खाली ठेवून "येत नाही, नकार त्याच्या पोटातच असतो, पुढे फक्त 'शुड' घे" असा निवाडा देतो, आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जी शांती उमटते ती निवड यादीत नाव आलेल्यांच्याही चेहऱ्यावर क्वचितच दिसते. नियमापेक्षा अपवादावर त्याचे प्रेम अधिक असते, कारण नियम सर्वांनाच येतो आणि गुणवत्ता यादीतली जागा अपवादाने ठरते, असा त्याचा सिद्धांत आहे.

या व्यक्तिमत्त्वाचा खरा बहर उत्तरतालिकेच्या मोसमात येतो. परीक्षेनंतर आयोग प्रथम उत्तरतालिका, म्हणजे प्रत्येक प्रश्नाच्या योग्य पर्यायांची यादी, प्रसिद्ध करतो, तिच्यावर पुराव्यासह हरकती मागवतो आणि त्यानंतर अंतिम उत्तरतालिका काढतो. या दोन तालिकांमधल्या दिवसांत उजळणीकाराचे रूपांतर वकिलात होते. एका ग्रंथात जे चूक ठरते ते दुसऱ्यात चालते, हे त्याने आधीच हेरून ठेवलेले असते. आता तो पृष्ठक्रमांक, आवृत्ती आणि संबंधित परिच्छेद यांनिशी एका शब्दयोगी अव्ययाचा खटला उभा करतो. प्रश्न रद्द झाला तर तो आनंदतो, आणि ज्या वाक्याचा निकाल तज्ज्ञांनाही लावता आला नाही ते वाक्य पुढे वर्षभर अभ्यासिकेत आदराने उच्चारले जाते.

या सर्व व्यासंगात इंग्रजी बोलण्याचा प्रसंग जवळपास येत नाही, आणि आला तर अनर्थच होतो. मेसमध्ये नव्याने आलेल्या परप्रांतीय मुलाने रविवारी संध्याकाळी जेवण मिळते का, असे मोडक्या इंग्रजीत विचारले, तर उजळणीकार त्या प्रश्नातले गळालेले साहाय्यक क्रियापद प्रथम शोधून काढतो, मग ते जागच्या जागी बसवून दाखवतो, आणि विचारणारा शुद्ध वाक्य घेऊन उपाशी परततो.

त्याच्यावर हसणारे पुष्कळ आहेत. त्याला भाषा येत नाही, असे ते म्हणतात. त्याला ज्या नोकरीसाठी निवडले जायचे आहे तिचा विचार केला तर हा आक्षेप टिकत नाही. नियमावर बोट ठेवणे, अपवाद शोधणे, हरकत नोंदवणे आणि पृष्ठक्रमांकाशिवाय कोणतीही गोष्ट मान्य न करणे ही कार्यालयीन कामकाजाचीच पूर्वतयारी होय. त्यातही कर्मणी प्रयोगाचे, म्हणजे ज्यात कर्त्याला मागे सारून कर्माला पुढे बसवतात त्या वाक्यरचनेचे, त्याने केलेले मनन विशेष उपयोगाचे आहे. 'बाय'पासून पुढचा भाग गाळला तरी वाक्य शुद्धच राहते, हा त्याचा आवडता उपनियम असून, निर्णय घेण्यात आला आहे, कार्यवाही करण्यात येत आहे, विलंब झाल्याचे निदर्शनास आले आहे, ही सारी निनावी शासकीय वाक्ये त्याच उपनियमावर उभी आहेत. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचे व्याकरण इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर रचले, तेव्हा आपली परंपरा मंत्रालयापर्यंत इतकी सरळ पोहोचेल असे त्यांच्या मनातही नसावे.

या जातीवर अलीकडे एक संकट मात्र कोसळले आहे. 2025च्या परीक्षेपासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली असून इंग्रजीच्या 300 गुणांच्या पेपरात आता निबंध आणि सारांश स्वतःच्या शब्दांत लिहावे लागतात. उत्तीर्ण होण्यास 25 टक्के गुण पुरतात, पण चार पर्यायांचा आधार गेला आहे. गट ब आणि गट क यांच्या संयुक्त परीक्षेतला भाषेचा पेपर अद्याप वस्तुनिष्ठ आहे, आणि उजळणीकारांचा मुक्काम सध्या तिकडे हलला आहे.