नांगर टाका, फोटो काढा

दिवाळीचा फराळ अर्धा संपला आणि अर्धा डब्यांत भरला की पुण्या-मुंबईचा पर्यटक कोकणकिनाऱ्यावर उतरतो. त्याच्याकडे मोबाइलसाठी वॉटरप्रूफ पाऊच असतो, सनस्क्रीन असते, हवेत उडवायला ड्रोन असतो आणि ताजी सुरमई कोणत्या खानावळीत मिळते याबद्दल तीन मावसभावांची तीन परस्परविरोधी मते असतात. ज्या होडीत अख्खे कुटुंब बसवायचे, तिच्याबद्दल मात्र तो एकच प्रश्न विचारतो : ‘माणशी किती?’ आकडा ऐकला की तो दोन पावले मागे सरकतो, ‘गेल्या वर्षी तर...’ अशी सुरुवात करतो आणि आजीचे तिकीट अर्धे धरायला लावतो. समुद्राशी त्याचा एवढाच पत्रव्यवहार.

होडीत माणसे किती मावतात, ती कुठे नोंदलेली आहे, हे तिच्या अंगावर रंगवलेले असते, निदान असायला हवे. पण ती अक्षरे वाचायची कोणी? त्यांच्यापुढे उभे राहून तर सेल्फी काढायचा असतो.

नारिंगी लाइफ जॅकेटला या सगळ्यात वेगळाच मान आहे. फोटोसाठी ते घालायचे आणि नवा टी-शर्ट दिसत नाही म्हणून पुढच्या फोटोसाठी काढायचे. त्याचे पट्टे बांधणे हे भित्रेपणाचे लक्षण मानले जाते. ‘मला पोहता येतं’ असे छाती पुढे काढून सांगणारा गृहस्थ सोसायटीच्या टाकीत, चार फूट पाण्यात, हाताने काठ धरून पोहलेला असतो. होडी चालवणारा तांडेल ओरडत असतो, ‘खाली बसा सायबानू, होडी कलता!’ साहेब उभेच. ते लाइव्ह असतात.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंग करून परतणारी वीस पर्यटकांची होडी उलटली. दोघे गेले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची इंजिन-चाचणीवरची स्पीडबोट येऊन आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. त्यात प्रवाशांचा काही दोष नव्हता. पण बोटीत परवान्यापेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते, हे टक्कर झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आले. लगोलग गेटवेवर जॅकेटची सक्ती झाली, वाहिन्यांनी ती दाखवली, अधिकाऱ्यांनी जॅकेट स्वतः घालून दाखवले. बरोबर एका आठवड्याने, नाताळच्या दिवशी, गोव्यात कळंगुटला पर्यटकांची बोट उलटली. वीस जणांना जीवरक्षकांनी बाहेर काढले, एकजण गेला. शोक, चौकशी आणि सक्ती यांचे आपल्या किनाऱ्यावरचे आयुष्य साधारण एवढेच, आठवडाभराचे.

जॅकेटबद्दल निदान आठवडाभर तरी बोलले जाते. होडीच्या नाळेवर गुंडाळलेल्या दोराशेजारी पडलेल्या नांगराकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. पर्यटकाच्या लेखी नांगर म्हणजे होडीचा हँडब्रेक. ओढला, थांबली. मुलगा विचारतो, ‘बाबा, एवढंसं लोखंड एवढी मोठी होडी कसं धरतं?’ बाबा आयटीत असतात, त्यामुळे उत्तर तयार असते : ‘वजनाने.’

वजनाने धरत नाही. नांगराचे फाळ तळाच्या वाळूत रुततात आणि दोर जितका आडवा ओढला जाईल तितके ते खोल रुततात. म्हणून दोर पाण्याच्या खोलीच्या पाचपट सोडायचा, वारा असेल तर सातपट. चार मीटर पाण्यात वीस ते अठ्ठावीस मीटर, आणि खोली मोजायची ती भरतीची, ओहोटीची नव्हे. दोर आखूड राहिला तर लाटेसरशी होडी उचलली जाते, दोर उभा ताणतो आणि फाळ अलगद सुटतात. मग होडी सरकू लागते, कोणाच्या ध्यानात येणार नाही इतकी हळू. तेवढ्या वेळात होडीतले सगळे दुसरीकडे बघत डॉल्फिन शोधत असतात. लांब दोराला जागा लांब लागते, कारण वारा फिरला की होडी त्या दोराच्या टोकाला मोठे वर्तुळ घेते. हंगामात एकेका ‘पॉइंट’वर खेटून होड्या लागतात तिथे प्रत्येकाने असे वर्तुळ मागितले तर निम्म्या होड्यांना माघारी जावे लागेल. धंद्याला ते परवडत नाही, म्हणून दोरच आखूड होतो.

जुन्या तांडेलांना हे शाळेत कोणी शिकवले नव्हते. होडी जागच्या जागी आहे की सरकतेय हे ते किनाऱ्यावरच्या खुणांवरून ओळखत : देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरावरचे एखादे झाड एका रेषेत धरायचे, रेष मोडली की नांगर सुटला. भरतीची वेळ तिथीवरून निघे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा ठोका. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या. चतुर्थीला चंद्रोदयाची वेळ मिनिटासकट पाठ असलेल्या माणसांना भरतीची वेळ ठाऊक नसते, याचे नवल त्यांना स्वतःला मुळीच वाटत नाही. आता लाटांचा आणि उधाणाचा इशारा हैदराबादेतली ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था देते. हैदराबादला समुद्र नाही, अंदाज मात्र तिथून रोज येतो. मालवणात समुद्र आहे, आणि समुद्रावर आलेला माणूस ‘आज पाणी कसं आहे?’ हे हॉटेलच्या वेटरला विचारतो.

पाऊणपटीचा हिशेब न करणारी दुसरी जमात मोटार घेऊन थेट पुळणीवर उतरते. ओल्या वाळूत गाडी रुतते, भरती सुटते, हँडब्रेक जागेवरच असतो आणि गाडी पाण्यात. दर हंगामात रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यांवरून अशी बातमी येते, ट्रॅक्टरने गाडी ओढल्याचे छायाचित्र येते आणि खाली मालकाची प्रतिक्रिया येते की बोर्ड लावायला हवा होता. बोर्ड बहुतेक वेळा त्याच छायाचित्रात मागे दिसत असतो.

पाण्याखाली काय होते ते या छायाचित्रात येत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या पाण्याला १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर करण्यात आले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. इथल्या खडकांवर प्रवाळ आहेत. या दगडासारख्या दिसणाऱ्या जिवंत वसाहतींतल्या काही जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे फुटबॉलएवढा गोळा व्हायला दशकाहून अधिक काळ लागतो आणि नांगराच्या एका फेकीत तो फुटतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात हे प्रवाळ २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहेत. त्याच अनुसूचीत वाघ आहे. ताडोब्यात जिप्सीतून कोणी वाघाच्या अंगावर दहा किलोचे लोखंड फेकले तर त्याला संध्याकाळपर्यंत कोठडी मिळेल आणि रात्री वाहिन्यांवर चर्चा. मालवणात त्याच कायद्याखालच्या त्याच दर्जाच्या जिवावर तेच लोखंड पडते, तेव्हा त्याला ‘स्नॉर्केलिंग पॉइंट आला’ असे म्हणतात. शिवाय माशांनी फोटोत यावे म्हणून पाव टाकला जातो. मासे येतात. पाव खाऊन पोट भरलेला मासा प्रवाळावरचे शेवाळ खायला कशाला जाईल, हा प्रश्न त्याला विचारून उपयोग नाही. त्याला आणि पर्यटकाला दोघांनाही फुकटचे आवडते.

शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गासाठी कुरटे बेट का निवडले, हे गाइड रोज सांगतात, लोक रोज ऐकतात आणि कोणाला काही खटकत नाही. १६६४ मध्ये काम सुरू झाले, १६६७ मध्ये किल्ला उभा राहिला. चहूबाजूंनी पाण्याखाली दडलेले खडक हाच त्याचा पहिला तट होता. वाट ठाऊक नसलेल्या शत्रूचे जहाज तिथे सुखाने येऊ नये, नांगर टाकून तोफा लावू नये, यासाठी ती जागा. शत्रूच्या आरमारांना लांब ठेवण्यासाठी जे खडक हेरले, त्याच खडकांवर आज शनिवार-रविवारी दर थोड्या वेळाने नांगर पडतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना विजयदुर्गच्या परिसरात समुद्रतळाशी दगडी नांगर सापडले आहेत, भोके पाडलेले जुने दगड. पुढच्या काळातल्या संशोधकांना आपल्या काळाचे नांगर सापडतील तेव्हा त्यांच्याभोवती चिप्सच्या पिशव्या असतील, त्यामुळे कालनिश्चिती सोपी जाईल.

यावर उपाय काय हे शोधायला नवी समिती नको. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, की लार्गोजवळच्या प्रवाळांवर १९८१ मध्ये तळाच्या खडकात भोक पाडून लोखंडी कडी पक्की बसवली आणि तिला वर तरंगता बोया बांधला. होडीने यायचे, बोयाला दोर अडकवायचा, जाताना सोडायचा. नांगर टाकायचाच नाही. नंतर ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडे अशा कामाची अडचण निराळी आहे. बोया खडकात बसवला तर कोनशिलाही पाण्याखाली बसवावी लागेल, आणि ती वाचायला मंत्र्यांना स्कूबा शिकावे लागेल.

त्याऐवजी शासनाने मोठे काम हाती घेतले. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही युद्धनौका निवतीच्या समुद्रात तळाशी बसवायची, तिच्यावर प्रवाळ वाढवायचे आणि ते पर्यटकांना दाखवायचे, अशी योजना आखली गेली. कल्पना वाईट नाही. जगात अनेक ठिकाणी जुनी जहाजे अशी बुडवली आहेत. फक्त क्रम थोडा मजेदार आहे. फुकट वाढलेल्या प्रवाळावर नांगर टाकायचा आणि पैसे खर्चून नवा प्रवाळ वाढावा म्हणून अख्खे जहाज टाकायचे. त्याच मालवणात, राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला उभा केलेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला तेव्हा समुद्रावरच्या वाऱ्याचा वेग पुढे करण्यात आला. समुद्रावर वारा असतो ही बातमी सरकारला नऊ महिन्यांनी मिळाली.

नांगराच्या बाबतीत गोव्याचा अनुभव अधिक संपन्न आहे. जून २००० मध्ये ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे लोहखनिजाचे अजस्र जहाज पावसाळी समुद्रात कांदोळीच्या किनाऱ्यालगत वाळूवर येऊन चढले. ते काढायला २०१२ उजाडले. तोवर मुख्यमंत्री सार्दिन गेले, पर्रीकर आले आणि गेले, राणे आले, कामत आले, पर्रीकर पुन्हा आले, जहाज तिथेच. कोर्टकचेऱ्या झाल्या, निविदा निघाल्या, त्यासाठी खास कायदासुद्धा झाला. दरम्यान पर्यटकांनी गंजक्या जहाजाला पाठीशी घेऊन बारा हंगाम फोटो काढले. गोव्याच्या राजकारणात इतका काळ एकाच जागी टिकलेले दुसरे काही दाखवता येणार नाही.

मांडवीतल्या कॅसिनो-जहाजांची गोष्ट उलट्या दिशेने तीच. कायद्यात परवानगी समुद्रातल्या, किनाऱ्यापासून दूरच्या जहाजांवरच्या खेळांना. जहाजे उभी पणजीसमोर नदीत. दर सरकार सांगते की ती हलवली जातील, दर वेळी मुदतवाढ मिळते. यांचे नांगर मात्र कधी सुटत नाहीत, कितीही वारा येवो. पाचपट दोराचा नियम तिथे लागू नसावा; तिथे दोर दुसऱ्याच कुठेतरी बांधलेला असतो.

या सगळ्यात तांडेलाला दोष देणे सोपे आहे आणि म्हणून सगळे देतात. पण त्याचा हंगाम दिवाळीपासून मेअखेरपर्यंतचा. पावसाळ्यात होडी वर ओढलेली, हप्ते मात्र बारमाही. ज्याच्या बापाने रापण ओढली त्याने आता पर्यटक ओढायचे, एका दिवसात जमतील तितक्या फेऱ्या मारायच्या, आणि प्रत्येक फेरीत घड्याळ दाखवणाऱ्या गिऱ्हाईकाला ‘अजून पाच मिनिटे, दोर नीट लावतो’ असे सांगायचे. ते गिऱ्हाईक पाच मिनिटे थांबत नाही. ते एक तारा देते आणि लिहिते : ‘बोटवाला फार वेळ लावतो.’

तेव्हा येत्या सुट्टीत होडीत चढण्याआधी तांडेलाला एवढे विचारा : नांगर वाळूवर टाकणार की खडकावर, आणि दोर किती सोडणार? त्याने नीट उत्तर दिले तर पट्टे बांधून खाली बसा आणि त्याला हवा तेवढा वेळ द्या. तो नुसताच हसला तर दुसरी होडी बघा. परतल्यावर त्या पहिल्याला पाच तारे द्या, आणि उशीर का झाला तेही लिहा.