गाडी नेलीत, मामांचे नावही नेलेत

प्रति,
मामांची वॅगनआर नेणारे सद्गृहस्थ,
मुक्काम : अच्छाड ते चारोटीच्या दरम्यान कुठेतरी



स्पीड पोस्टाने धाडलेले पाकीट 'सदर पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आले, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहावे लागत आहे. तुमच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सवर तलासरीच्या एका चाळीचा पत्ता होता. चाळ सापडली, खोलीही सापडली. खोलीतल्या बाईंनी तुमचे नाव ऐकून एवढेच विचारले, "तुमचं काय अडकलंय?" तुमचा लोकसंग्रह मोठा दिसतो.

आपली ओळख नाही, पण संबंध दाट आहे. घोलवडच्या चिकूच्या वाडीत राहणारे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, ज्यांना तुम्ही पहिल्याच भेटीत 'काका' म्हणून वाकून नमस्कार केलात, ते माझे मामा. वाडीत रेंज नसते, म्हणून गाडी घेताना मामांनी आरटीओच्या कागदांवर आणि पुढे फास्टॅगलाही माझाच मोबाइल नंबर लावला होता. गाडी तुम्ही नेलीत, नंबर माझ्याकडे राहिला. तुमच्या प्रत्येक हालचालीचा मेसेज मला यायचा, मी तो मामींना वाचून दाखवायचो. सकाळी चारोटीचा टोल, दुपारी पार वापीपुढे बगवाड्याचा टोल, रात्री पुन्हा चारोटी. फास्टॅग मामांच्याच खात्याचा, त्यामुळे खर्चही घरचाच. एकदा रात्री अकरापर्यंत परतीचा मेसेज आला नाही तर मामी म्हणाल्या, "आज उशीर झाला वाटतं त्यांना." तुमच्या घरच्यांना तरी तुमची एवढी खबरबात असते का, शंका आहे. आता तो टॅग आम्ही बँकेला सांगून बंद करून घेतला आहे. रोखीने दुप्पट टोल भरताना तुम्हाला आमची आठवण झाली असेल, क्षमस्व.

गाडी विकायची वेळ का आली, तेही सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि मामींनी नव्या गाडीचा विषय काढला. शोरूममधून एक्सचेंजसाठी गाडी बघायला एक मुलगा आला. चिकूचा व्यापारी प्रत्येक फळ दाबून शेवटी सगळ्याच मालाला 'बारीक' म्हणतो, तसे त्याचे चालले होते. रंगाची जाडी मोजायचे छोटे यंत्र त्याने चारही दारांना लावले. दरवाजाचे रबर ओढून आतले वेल्डिंगचे ठिपके पाहिले. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग खरवडला आहे का, ते निरखले. डिकीतले कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात बॅटरी मारली आणि समुद्राच्या हवेने खाल्लेला पत्रा मामांना दाखवला. तो पत्रा मामांनी दहा वर्षांत पाहिला नव्हता. मग आकडा सांगितला : १,६५,०००. वर एक्सचेंज बोनस वेगळा. (हा बोनस म्हणजे बरेचदा नव्या गाडीवर घासाघीस करून मिळालीच असती ती सूट, नवे नाव लावून आलेली. शोरूमवाल्यांची बाजू घेण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही, हे एवढ्यावरून लक्षात यावे.)

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. यंत्र नाही, बॅटरी नाही. गाडीला प्रदक्षिणा घातलीत, मागच्या काचेवरच्या 'आई महालक्ष्मी प्रसन्न' या स्टिकरला हात लावून तो कपाळाला लावलात आणि म्हणालात, "काका, विवळवेढ्याची आई स्वतः गाडीवर बसलीय, मी काय बघणार?" मुलीला कॉलेजला सोडायला घरात एक गाडी हवी, असे सांगितलेत. 'जीएसटी उतरलाय, काका, नवीच स्वस्त झालीय' असे म्हणत पाच हजार उतरवलेत आणि २,०५,००० वर हात मिळवलात. शोरूमपेक्षा ४०,००० जास्त! मामींनी चहाबरोबर चिकूच्या फोडीही दिल्या. गाडी नावावर करण्याच्या टीटी फॉर्मवर सह्या झाल्या, तारखेची जागा तुमच्या सांगण्यावरून कोरी राहिली, "आरटीओत जाऊ त्या दिवशीची टाकतो." मामा शिक्षक. त्यांनी डिलिव्हरी नोट स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिली : अमुक तारीख, अमुक वेळ, यापुढची सर्व जबाबदारी घेणाऱ्याची. तुम्ही सही ठोकलीत. "दोन दिवसात नाव चढवतो, काका, टेन्शन नाही."

२०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीत भूकंपाच्या धक्क्यांनी जमीन हलते आहे. धुंदलवाडीच्या लोकांनी कडाक्याच्या थंडीत घराबाहेर झोपून रात्री काढल्या. एवढ्या हलणाऱ्या मुलखात नाव चढवण्याची तुमची फाइल मात्र तसूभर हलली नाही, याचे श्रेय तुमचेच.

मोटार वाहन कायद्याचे ५० वे कलम तुम्हाला मी सांगणे बरे नव्हे, तुम्ही ते रोज मोडता म्हणजे पाठ असणारच. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ ने कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० ने नाव लावून घ्यायचे. गाडी पलीकडे गुजरातेत उंबरगावच्या माणसाला द्यायची तर इथल्या आरटीओची एनओसी, आणि त्यासाठी मुदत ४५ दिवसांची. सरकारी फी काही शेकड्यांतली. दोन लाखांवर ती तुम्हाला जड झाली, असे मला वाटत नाही. अडचण वेगळी होती, आणि ती मला महामार्गावरच्या एका गाड्यांच्या अड्ड्याने समजावली.

अड्डा म्हणजे ढाब्यामागचे मोकळे पटांगण, पुढच्या काचांवर खडूने लिहिलेल्या किमती. मी दुसऱ्याच कामाने थांबलो होतो. मागच्या काचेवरची आई महालक्ष्मी आधी दिसली, मग नंबर. एमएच ४८, आमचीच. पुढच्या काचेवर २,५५,०००. खाली : 'सिंगल हँड, शिक्षक वापर.' पटांगणातला पोरगा मला गिऱ्हाईक समजून सांगू लागला, "मालक मास्तर आहेत साहेब, घोलवडचे, फार जपून चालवायचे." मी म्हटले, "मास्तर कुठे भेटतील?" तर म्हणाला, "मास्तरांना कशाला त्रास? सह्या झालेल्या आहेत." मास्तरांच्या नावावर चाललेल्या या व्यवहारात त्यांना त्रास होऊ नये, याची एवढी काळजी! मला भरून आले.

तेव्हा सगळा हिशेब उलगडला. नाव चढवले की आरसीवर दुसरा मालक येतो, दुसरा मालक आला की भाव पडतो. तारीख कोरी ठेवलेला सहीचा फॉर्म असला की गाडी मामांच्याच नावाने तीन-चार हात फिरवता येते, शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत 'फर्स्ट ओनर' राहते, आणि मधल्या कोणाचा कागदावर मागमूस नसतो. मुलीचे कॉलेज कुठले, तेवढे मात्र अजून उलगडलेले नाही.

म्हणजे तुम्ही गिऱ्हाईक नव्हता, व्यापारी होता. फक्त व्यापाऱ्याचा खर्च टाळणारे. दुकान उघडून बसणाऱ्याला नोंदणी करावी लागते, खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने तो सगळ्या जुन्या गाड्यांसाठी एकच केला. दोन खाजगी माणसांच्या व्यवहाराला हा कर नाही, म्हणून तुम्ही मुलीचे बाप झालात. तुमच्यासारख्यांना डोळ्यासमोर ठेवूनच केंद्राने २२ डिसेंबर २०२२ ला नियम काढले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू केले : जुन्या गाड्यांचा व्यापार करायचा तर आरटीओचे अधिकारपत्र घ्या, गाडी ताब्यात आली की फॉर्म २९सी ने कळवा, तेव्हापासून कायद्याच्या नजरेत मालक तुम्ही, गाडीने जे काही होईल तेही तुमच्या माथी. ती रस्त्यावर काढायची ती गिऱ्हाइकाला दाखवायला, दुरुस्तीला, तपासणीला, आणि प्रत्येक फेरी नोंदवायची. शोरूमच्या त्या मुलाने ४०,००० कमी सांगितले, त्यात त्याचा नफा होता, डेंटिंग-पेंटिंग होते, कर होता आणि मामांच्या डोक्यावरून जबाबदारीचे हे ओझे उतरवण्याची किंमतही होती. तुम्ही ते ४०,००० मामांना रोख दिलेत आणि ओझे तिथेच ठेवलेत.

अर्थात शोरूममध्ये दिली की सुटलो, असेही नाही. अधिकारपत्र नसलेला शोरूमवालाही कोऱ्या सह्या घेऊन तीच गाडी संध्याकाळी तुमच्या पटांगणात पाठवू शकतो. २९सी ची पोच मिळेपर्यंत किल्ली द्यायची नाही, असे मामी हल्ली शेजारणींना सांगतात. खाजगीत द्यायची तर घेणाऱ्याला सोबत घेऊन अर्ज भरायचा, नाव लागेपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवायची, हे मामांचे मत. घरात या विषयावर दोन तट आहेत.

ओझे किती, तेही ऐका. सुप्रीम कोर्टाने ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात निकाल दिला. तिथला मूळ मालक २००७ मध्येच गाडी विकून मोकळा झाला होता. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली, २००९ मध्ये अपघात झाला, आणि आरटीओत नाव अजून पहिल्याचेच. कोर्टाने म्हटले, ज्याचे नाव नोंदलेले तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातग्रस्ताने गाडीच्या खऱ्या धन्याचा शोध घेत दारोदार फिरावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. या निकालापुढे मामांच्या वळणदार अक्षरातल्या डिलिव्हरी नोटची किंमत एवढीच, की आधी भरा आणि मग तुम्हाला शोधत चाळीत जा. विमा चालू असला तर दुसऱ्याच्या नुकसानीचे कंपनी पाहील. पण मामांची पॉलिसी संपत आली आहे, आणि दुसऱ्याच्या नावावरच्या गाडीचा विमा भरण्याइतके तुम्ही भाबडे नाही. रस्ता कोणता, तर ४ सप्टेंबर २०२२ ला सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री ज्यावर अपघातात गेले तो. मामा आता अपघाताची बातमी आली की आधी गाडीचा नंबर वाचतात.

शिवाय आपला मुलूख. पलीकडे दारूबंदीचा गुजरात, त्याच्या कुशीत दमण, बाजूला सिल्वासा, आणि आपल्याकडे झाई, उधवा, अच्छाड अशा वाटाच वाटा. 'दमण बनावटीच्या दारूसह मोटार जप्त' ही बातमी इथल्या वर्तमानपत्रात पंचांगासारखी नेमाने येते. तुमचे असले काही नाही, असे मामींचे ठाम मत आहे, कारण तुम्ही स्टिकरला नमस्कार केला होता. पण पुढच्या हाताने नमस्कार केला होता की नाही, हे आम्हाला कसे कळावे? उत्पादन शुल्कवाले नंबर टाकतील आणि पडद्यावर नाव येईल एका सत्तरीच्या मास्तरांचे. त्यांनी गावात व्यसनमुक्तीच्या फेऱ्या काढल्या आहेत.

वाहतुकीचा नियम मोडल्याच्या ई-चलनाचा फोटोही मिळाला. छान आला आहे. टपावर चिकूचे क्रेट, बाजूच्या सीटवर पाय वर घेऊन बसलेला माणूस, तुमचा सीटबेल्ट नाही. मामांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "काच तरी स्वच्छ ठेवलीय."

आजवर तुमचा फोन एकदाच आला. वाटले, नाव लागले. तर तुम्ही पीयूसीच्या दुकानात उभे होता. "भाऊ, एक ओटीपी आला असेल बघा." सायकल चोरणाऱ्याने मालकाकडेच पंप मागावा इतक्या सहजपणे मागितलात. मी नाव लावायची तारीख विचारली तर लाइन कट झाली.

मामांनी आता आरटीओला लेखी कळवले आहे. डिलिव्हरी नोट आणि तुमच्या आधारची प्रत जोडली आहे. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे, दोन्हीकडची पोच घेतली आहे, आणि गाडीच्या नोंदीवर पुढचे व्यवहार रोखावेत अशी विनंती केली आहे. त्या पटांगणात २,५५,००० मोजायला कोणी आलाच, तर त्याने नंबर तपासावा आणि घोलवडला येऊन मास्तरांना भेटावे. चहा मिळेल, हंगाम असेल तर चिकूही.

तुमच्या पीयूसीची मुदत संपेल तेव्हा पुन्हा फोन कराल. जरूर करा. ओटीपी देण्यात मला काही अडचण नाही. आधी फॉर्म ३० ची पोच व्हॉट्सअॅपवर पाठवा, नंबर तुमच्याकडे आहेच.

कळावे,
आपला,
मामांचा भाचा
डहाणू