गाडी यार्डातच उभी आहे

छोट्या रेल्वेचा छंद म्हणजे गाड्या चालवण्याचा छंद, असा बाहेरच्यांचा समज असतो. खरं तर तो गाड्या ठेवण्याचा छंद आहे. रूळ मांडायला हॉल लागतो. हॉलमध्ये पाहुणे असतात, आणि पाहुणे नसले की टीव्हीवर क्रिकेट असतं. मग दिवाळीच्या सुट्टीत दोन-चार तास धावायचं आणि उरलेलं वर्ष माळ्यावर काढायचं, हेच या गाड्यांचं वेळापत्रक. खऱ्या रेल्वेचं वेळापत्रकसुद्धा इतकं काटेकोर पाळलं जात नाही.

माळा ही मात्र यासाठी अगदी नालायक जागा. मे महिन्यात वरचा स्लॅब तापतो, प्लास्टिकचे डबे वाकतात. जुलैत भिंतीला ओल येते, चाकं गंजतात. खरी सुरक्षित जागा म्हणजे कपड्यांच्या कपाटातला मधला खण. तो घरात एकदा मागून बघा! एचओ मापाचं मॉडेल खऱ्या गाडीच्या 87 पट लहान. आपला जुना आयसीएफ डबा त्या हिशेबाने साधारण 24 सेंटिमीटर भरतो. एक डबा बिचारा निरागस दिसतो. सोळा-सतरा डब्यांची एक्स्प्रेस पुरी करायची म्हटली की चार मीटर होतात, आणि त्या खणात आधीपासून पैठण्या असतात.

गुंडाळण्याचंही एक शास्त्र आहे. बबल रॅप थेट रंगाला टेकला तर गोल गोल वळ उमटतात, म्हणून आत आधी आम्लविरहित पातळ कागद हवा. खोक्यातला मऊ फोम सुरुवातीला गादीसारखा प्रेमळ वाटतो. वीसेक वर्षांनी तो चिकट होतो आणि इंजिनाचा रंग घेऊनच सुटतो. बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांवरही फार विसंबू नये, त्या बहुधा आधीच ओल पिऊन तृप्त झालेल्या असतात. 1920-30च्या काळातल्या काही ओतीव गाड्या तर कितीही जपल्या तरी आतून भुगा होतात. जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलं गेल्याचा तो परिणाम. ओलीने तो बळावतो.

सगळ्यांत मोठा धोका मायेचा. आमच्या आईने गाड्यांच्या खोक्यांत डांबरगोळ्या टाकायला घेतल्या.

"अगं आई, प्लास्टिकला कसर लागत नाही."

"खोक्याला लागते ना?"

बरोबर होतं तिचं. पुठ्ठा खाणारे किडे असतात, आणि मूळ खोका नसलेल्या जुन्या गाडीला संग्राहक हमखास कमी भाव देतात. पण नॅफ्थलीनच्या वाफेने पॉलिस्टायरीनचं प्लास्टिक मऊ पडतं, म्हणजे खोका वाचेल आणि गाडी जाईल. शेवटी तह झाला. गोळ्या पैठण्यांच्या खणात गेल्या, गाड्या दिवाणाखाली.

तेव्हा एवढंच करा. पावसाळा सरला की खोकी उतरवा, चाकं पुसा आणि इंजीन दहा मिनिटं चालवा, नाहीतर आतलं तेल घट्ट होऊन बसतं. घरात तेवढीही जागा नसेल तर पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1998 पासूनचं. तिथल्या गाड्या खोक्यात नसतात.