ठासणीवाला

एरवी हा गृहस्थ विमा कंपनीत असतो, इस्त्रीचा शर्ट घालतो आणि कॉम्प्युटर दोन सेकंद अडला की टेबलावर बोटं आपटतो. पण इंडियानातल्या फ्रेंडशिप नावाच्या चिमुकल्या गावात पाऊल पडलं की अंगावर हरणाच्या कातड्याचा अंगरखा चढतो, खांद्याला दारूचं शिंग लटकतं आणि घाई गाडीतच राहते. ठासणीच्या बंदुकांच्या हौशी मंडळींची अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना १९३३ सालची. फ्रेंडशिप हे त्यांचं पंढरपूर.

जुन्या वळणाच्या तळावर १८४० नंतरची वस्तू दिसता कामा नये, असा दंडक. म्हणून बिअरची शीतपेटी घोंगडीखाली असते. चष्म्याचा विषय सहसा कुणी काढत नाही.

इथेही सोवळंओवळं आहेच. चकमकीच्या बंदुकीवाला टोपीच्या बंदुकीवाल्याला ‘कालचं पोर’ समजतो. ठासणीलाच दुर्बीण बसवून आलेल्याची मात्र दोघेही मिळून कीव करतात.

बार भरणं हा सोहळा. शिंगातली काळी दारू मापात घ्यायची, सत्तर ग्रेन, म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम. ती नळीत ओतायची. तोंडावर तेलकट चिंधी, चिंधीवर शिशाची गोळी, जरा दाबून उरलेली चिंधी चाकूने कापायची, मग गजाने तळापर्यंत ठासायची. कानाशी चिमूटभर बारीक दारू, तिला रंजक म्हणायचं. सरावाच्या हाताला एवढ्यासाठी मिनिटभर पुरतं. आपल्या गृहस्थाला पाच लागतात, कारण मधे केंटकी रायफल खरी पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांची, हे तुम्हाला ऐकवायचं असतं.

आणि ऐकवता ऐकवता दारू घालायचीच राहते.

मग घोडा पडतो, रंजक फुस्स करून पेटतं, पुढे शांतता. शेजारी शहाण्यासारखे आभाळाकडे बघतात, कारण उद्या त्यांच्यावरही हीच पाळी आहे. गृहस्थ लालबुंद होऊन गजाला स्क्रू जोडतो आणि आत रुतलेली गोळी ओढत बसतो. बूच घट्ट बसलेल्या बाटलीशीही माणूस इतक्या मायेने झटत नाही.

कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अजून ठासणीच्या बंदुका आहेत, असं मी एकदा त्याला सांगितलं. त्याचे डोळे चमकले. तिकडे घोंगडीखाली काय लपवतात, हे त्याला हवं होतं. तिकडे समोर रानडुक्कर असतं, एवढंच मी म्हणालो.

बार झाला की मात्र मजा बघावी. आधी ठिणगी, मग भपका, मग धडाम, आणि पांढऱ्या धुराचा असा लोट की निशाण, तंबू, शेजारी सगळं गुडुप. कुऱ्हाडीच्या पात्यावर गोळी मारून तिचे दोन तुकडे करायचे आणि त्या तुकड्यांनी दोन्ही बाजूंच्या मातीच्या चकत्या फोडायच्या, असाही खेळ असतो. आपल्या माणसाची कुऱ्हाड अजून कोरी करकरीत आहे. त्याचं त्याला काही नाही. तो नाक वर करून गंधकाचा वास ओढत असतो.

घरी आल्यावर त्याच रात्री नळी धुवावीच लागते, नाहीतर दारूची राख ओल धरून लोखंड खाते. स्वयंपाकघरात गरम साबणाचं पाणी, पाण्याला सडक्या अंड्याचा दर्प. बायको नाकाला रुमाल लावून विचारते, “लागली का एखादी?”

“धूर काय सुंदर होता आज!” तो म्हणतो आणि दुसरी बादली मागतो.